पंचांच्या कानातला आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

३० सप्टेंबर २०२३. लंडनमध्ये फुटबॉलचा सामना, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. अजून गोल झालेला नाही. ३४व्या मिनिटाला लिव्हरपूलच्या लुईस डियासनं चेंडू जाळ्यात मारला आणि सहाय्यक पंचांचा झेंडा वर गेला: पास सुटला त्या क्षणी डियास शेवटच्या बचावपटूच्याही पुढे होता, असं त्यांचं म्हणणं. ऑफसाइड. मैदानापासून दूर एका खोलीत बसलेल्या व्हिडिओ पंचांनी रिप्ले पाहिला. डियास ऑनसाइड होता, त्यात शंकेला जागाच नव्हती. कॅमेरा बरोबर, निष्कर्षही बरोबर. मग व्हिडिओ पंच म्हणाले, 'चेक कम्प्लीट'.

त्यांची समजूत अशी की मैदानावर गोल दिलेला आहे, आणि तो योग्यच आहे. मैदानावरच्या पंचांनी त्याचा अर्थ घेतला की आपला निर्णय योग्य, म्हणजे ऑफसाइड कायम. टॉटनहॅमनं फ्री किक घेतली. काही सेकंदांत रिप्ले चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या ध्यानात घोटाळा आला, त्यानं तो बोलूनही दाखवला. पण खेळ पुन्हा सुरू झाल्यावर मागे जायचं नाही, असा नियम आहे. चुकीच्या खेळाडूला कार्ड दिलं गेलं किंवा कुणी मारहाण केली, अशा मोजक्या गोष्टींनाच त्यातून सूट आहे. गोलाला नाही. लिव्हरपूल तो सामना २-१ असा हरलं.

व्हिडिओ रिप्लेच्या वादात मला हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे निरोप पोचवताना गाडी घसरली. 'व्हीएआर, म्हणजे ही व्हिडिओ पंचांची पद्धत, हवं की नको' असं भांडण आपण करतो, तेव्हा यंत्राचं मोजमाप, माणसाचा निवाडा आणि त्या दोघांमधला संवाद या तीन गोष्टींची एकच मोट बांधतो. आज त्या जरा सुट्या करून पाहू.

आधी खोलीत काय चालतं ते. व्हीएआर म्हणजे यंत्र नव्हे. तो माणूस आहे, सामन्याचा व्हिडिओ सहाय्यक पंच. त्याच्या शेजारी किमान एक मदतनीस पंच आणि एक रिप्ले चालवणारा तंत्रज्ञ. समोर एका पडद्यावर मुख्य कॅमेऱ्याचं थेट चित्र, दुसऱ्यावर तेच चित्र काही सेकंद मागे ठेवलेलं, म्हणजे काही खटकलं की लगेच पुन्हा दिसतं. मैदानावरच्या पंचांचं बोलणं या खोलीत सतत ऐकू येतं. उलट दिशेनं मात्र तसं नाही. व्हिडिओ पंचाला बोलायचं असेल तर बटण दाबावं लागतं, नाहीतर खोलीतली सगळी चर्चा मैदानावरच्या पंचांच्या कानात भणभणत राहील.

मार्च २०१८मध्ये ही पद्धत खेळाच्या नियमांत आली, तेव्हा चारच बाबी ठरल्या: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि कार्ड भलत्याच खेळाडूला दाखवलं जाणं. दुसऱ्या पिवळ्या कार्डातून येणारं लाल कार्ड मुळात यात धरलेलं नव्हतं. आणि या चारांतही अट अशी की चूक स्वच्छ आणि उघड असली पाहिजे, किंवा गंभीर गोष्ट पंचांच्या नजरेतून पूर्णपणे निसटलेली असली पाहिजे. खोलीनं विचारायचा प्रश्न 'मी काय निर्णय दिला असता?' हा नाही. 'मैदानावरचा निर्णय टिकूच शकत नाही, असं आहे का?' हा आहे. ही अट काटेकोर पाळली जाते तिथे लोकांचा फारसा आक्षेप नसतो. ती सैल झाली की पंचावर दुसरा पंच बसवल्यासारखं होतं.

आता मोजमापाकडे वळू, कारण बहुतेक लोकांचा राग ऑफसाइडच्या रेषांवर असतो. साधं गणित आहे. टीव्हीचा नेहमीचा कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं टिपतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये २० मिलिसेकंदांचं अंतर. जोरात पळणारा खेळाडू सेकंदाला ८ मीटर जातो. २० मिलिसेकंदांत तो १६ सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. त्याच वेळी बचावपटू त्याच्या उलट दिशेनं सेकंदाला ४ मीटर वेगानं येत असेल, तर आणखी ८ सेंटिमीटर. म्हणजे पास देणाऱ्याचा पाय चेंडूला नेमका कोणत्या चित्रात लागला, हे ठरवताना एक चित्र इकडेतिकडे झालं तर दोघांमधलं अंतर २४ सेंटिमीटरनं बदलतं. पाय आणि चेंडूची पहिली भेट दोन चित्रांच्या मधल्या क्षणी झाली असेल, तर ती एकाही चित्रात नसते. वर शरीराचा नेमका कोणता बिंदू धरायचा, हा प्रश्न उरतोच. हात ऑफसाइडसाठी मोजत नाहीत. हात संपून खांदा कुठे सुरू होतो, तर काखेच्या तळाच्या पातळीवर. फडफडणाऱ्या जर्सीवर ती जागा पडद्यावर माणसानं शोधायची. अशा मोजणीवर नखभर फरकानं गोल नाकारणं हा मोजपट्टीवर नको तितका विश्वास टाकणं आहे.

२०२२च्या कतार विश्वचषकात यावर खरी सुधारणा आली. छताखाली १२ खास कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू, सेकंदाला ५० वेळा टिपलेले. चेंडूच्या पोटात बसवलेला संवेदक सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. चेंडू लाथाडल्याचा क्षण त्यामुळे २० मिलिसेकंदांऐवजी २ मिलिसेकंदांपर्यंत बारीक पकडता येऊ लागला. त्या वेळात ८ मीटर वेगाचा खेळाडू दीड सेंटिमीटरच्या आसपास सरकतो. याला अर्धस्वयंचलित म्हणतात, आणि त्यातला 'अर्ध' नीट लक्षात ठेवावा. यंत्र इशारा देतं, पण लाथेचा क्षण आणि रेषा खोलीतला माणूस तपासून पाहतो. ऑफसाइड जागेत उभा असलेला खेळाडू गोलरक्षकाची नजर अडवत होता का, याचं उत्तर तर कोणताच संवेदक देत नाही.

क्रिकेटमध्ये या बाबतीत जास्त शहाणपण दिसलं, असं माझं स्पष्ट मत आहे. पायचीतच्या रिव्ह्यूत चेंडू यष्टीला निसटता लागताना दिसला, तर 'अंपायर्स कॉल' म्हणून मैदानावरचा निर्णय राहतो. मोजणीला मर्यादा आहे, हे तिथे नियमातच मान्य केलेलं आहे. फुटबॉलमध्येही तसे प्रयत्न झाले. इंग्लंडच्या प्रीमियर लीगनं २०२१-२२च्या हंगामापासून रेषा जाड केल्या आणि अगदी काठावरच्या प्रसंगांत आघाडीपटूला फायदा दिला. पण मोजणीची चूक किती धरायची, हा आकडा नियमपुस्तकात यावा आणि सगळीकडे एकच असावा. मोजण्याचं साधन जितकं बारीक होईल तितका तो लहान करत न्यावा.

निवाड्याचं प्रकरण याहून अवघड आहे. २०१८च्या विश्वचषकाचा अंतिम सामना, मॉस्को, फ्रान्स विरुद्ध क्रोएशिया, १-१. कॉर्नरवरून आलेला चेंडू क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला लागला. खोलीतून निरोप आल्यावर पंच नेस्तोर पिताना मैदानाकडेच्या मॉनिटरपाशी गेले. पाहिलं, निघाले, पुन्हा वळले, पुन्हा पाहिलं. मग पेनल्टी. ग्रीझमननं गोल केला आणि फ्रान्सनं पुढे ४-२ असा विश्वचषक जिंकला. हाताला चेंडू लागला, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. तो गुन्हा होता का, यावर आजही दोन तट पडतात. कॅमेरे शंभर लावले तरी ते मिटणार नाही, कारण प्रश्न दिसण्याचा नाहीच. हातामुळे शरीराचा आकार अनैसर्गिकरीत्या मोठा झाला का, असं नियम विचारतो, आणि 'नैसर्गिक' कशाला म्हणायचं हे माणूसच ठरवतो. हँडबॉलचा नियम २०१९मध्ये बदलला, २०२१मध्ये पुन्हा बदलला. व्हीएआरनं हँडबॉलच्या नियमातली संदिग्धता भिंगाखाली धरली, एवढंच.

त्यात संथ चित्राचा धोका वेगळाच. फाउल किती जोराचा होता हे संथ गतीत कळत नाही. उलट खेळाडूकडे विचार करायला भरपूर वेळ होता असं वाटतं आणि अपघात मुद्दाम केल्यासारखा दिसतो. म्हणूनच पद्धत अशी आहे की पाय कुठे लागला, फाउल पेनल्टी क्षेत्राच्या आत की बाहेर, अशा गोष्टींसाठी संथ चित्र, आणि जोर किंवा हेतू तपासायला नेहमीचा वेग. थिजलेलं चित्र तर सर्वांत फसवं. टॉटनहॅमच्या त्याच सामन्यात, २६व्या मिनिटाला, लिव्हरपूलच्या कर्टिस जोन्सला मिळालेलं पिवळं कार्ड मॉनिटर पाहून लाल झालं. पंच मॉनिटरपाशी पोचले तेव्हा समोर आधी थिजलेलं चित्र होतं: बूट थेट नडगीवर. पाय आधी चेंडूवर पडला आणि तिथून घसरला, हे त्या एका चित्रात येत नाही. निर्णय लालच असायला हवा होता, असं म्हणणारे जाणकारही आहेत. पण पाहण्याचा क्रम चुकला, यात मला शंका नाही. आधी पूर्ण वेगात, मग गरज असेल तर संथ, असाच तो हवा.

यंत्र स्वतः कधी चुकतच नाही, असंही नाही. गोलरेषेचं तंत्रज्ञान हे या सगळ्यातलं सर्वांत विश्वासाचं साधन. २०१०च्या विश्वचषकात इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू जर्मनीच्या गोलरेषेच्या चांगला आत पडूनही गोल मिळाला नाही, आणि त्यानंतर दोन वर्षांत त्याला मंजुरी मिळाली. प्रत्येक गोलावर सात कॅमेरे असतात. चेंडू पूर्ण आत गेला की एका सेकंदाच्या आत पंचांच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं. तरीही १७ जून २०२० रोजी अ‍ॅस्टन व्हिला विरुद्ध शेफील्ड युनायटेड सामन्यात व्हिलाच्या गोलरक्षकानं चेंडू छातीशी धरून रेषेपलीकडे नेला आणि घड्याळ गप्प राहिलं. गोलरक्षक, बचावपटू आणि गोलचा खांब यांच्या आड सातही कॅमेऱ्यांची दृष्टी एकाच वेळी झाकली गेली होती. यंत्र बिघडलं नव्हतं, त्याला दिसलंच नाही. खोलीत रिप्ले होता, पण घड्याळावरच्या भरवशानं कुणी हस्तक्षेप केला नाही. सामना ०-० सुटला आणि हंगामाअखेर व्हिला एका गुणानं खालच्या विभागात जाण्यापासून बचावलं. त्याआधी, मे २०१८मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या ए-लीगच्या अंतिम सामन्यात तर गोलाच्या वेळी खोलीत येणारं चित्रच खंडित झालं. ऑफसाइड गोल तसाच राहिला आणि मेलबर्न व्हिक्टरीनं १-०नं विजेतेपद मिळवलं.

आणि प्रेक्षक? मैदानात तिकीट काढून बसलेल्याला घरी टीव्ही पाहणाऱ्यापेक्षा कमी कळतं, ही या पद्धतीतली मला सर्वांत बोचणारी गोष्ट. गोल होतो, माणूस उडी मारतो आणि अर्ध्या उडीत थांबतो, कारण पंचांचं बोट कानाशी गेलेलं असतं. दोन-तीन मिनिटं काहीच कळत नाही. सहाय्यक पंच झेंडाही उशिरा उचलतात, कारण चुकून लवकर उचलला तर हल्ला मेला आणि मग रिप्ले काय कामाचा. दरम्यान जो खेळ आधीच थांबायला हवा होता, त्यात खेळाडू एकमेकांवर आदळतात.

हा असंतोष रस्त्यावर आला तो नॉर्वेत. जुलै २०२४मध्ये रोसेनबोर्ग आणि लिलेस्ट्रॉम यांचा सामना प्रेक्षकांनी मैदानावर माशाचे तळलेले गोळे आणि टेनिस बॉल फेकून बंद पाडला. पुढच्या जानेवारीत तिथल्या वरच्या दोन विभागांतल्या क्लबांनी १९ विरुद्ध १३ मतांनी व्हीएआर काढण्याची शिफारस केली. मार्चमध्ये महासंघाच्या सभेनं मात्र ३२१ विरुद्ध १२९ मतांनी ते ठेवलं. स्वीडनमध्ये क्लबांची सत्ता सदस्यांच्या हातात असते. तिथे एप्रिल २०२४मध्ये क्लबांच्या विरोधापुढे ते आणायचा विचारच सोडण्यात आला. इंग्लंडमध्ये वुल्व्ह्‌ज क्लबनं त्याच वर्षी ते बंद करण्याचा ठराव मांडला आणि १९ विरुद्ध १ अशी हार खाल्ली. ते एक मत त्यांचं स्वतःचंच होतं.

मी काढून टाकण्याच्या बाजूचा नाही. चेंडू रेषेआत गेला का, खेळाडू ऑफसाइड होता का, फाउल क्षेत्राच्या आत झाला का, याचं खरं उत्तर हाताशी असताना ते न पाहणं म्हणजे खेळाडूंच्या वर्षभराच्या घामाशी प्रतारणा आहे. पण निवाड्याच्या बाबतीत खोलीचा हात आखडता असावा. नेहमीच्या वेगात दोन-तीनदा पाहून चूक डोळ्यांत भरली नाही, तर ती उघड चूक नव्हे. खेळ सुरू करा.

ज्या स्पर्धांना खोली, तंत्रज्ञ आणि डझनभर कॅमेरे परवडत नाहीत, त्यांच्यासाठी एक साधी पद्धत २०२४मध्ये कोलंबियातल्या २० वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात वापरली गेली. तिथे व्हिडिओ पंचच नाही. प्रत्येक प्रशिक्षकाला दोन संधी. शंका आली की हवेत बोट फिरवायचं आणि चौथ्या पंचाच्या हातात कार्ड द्यायचं. मग मैदानावरचे पंच स्वतः मॉनिटरवर पाहतात. निर्णय बदलला तर संधी शाबूत, नाहीतर एक गेली. चार-पाच कॅमेऱ्यांत भागतं, आणि तपासणी कुणी, कशासाठी मागितली हे सगळ्यांना दिसतं.

संवादाची डागडुजीही सुरू झाली आहे. खोलीनं 'तपासणी संपली' म्हणण्याआधी मैदानावरचा मूळ निर्णय मोठ्यानं उच्चारायचा, मग आपलं उत्तर, मग कायम की बदल. तीन छोटी वाक्यं. डियासच्या गोलाच्या वेळी त्यातलं पहिलं वाक्य कुणी बोललं असतं, तर दुसरं चुकलंच नसतं. २०२३च्या महिला विश्वचषकात पंच रिप्ले पाहून आल्यावर गळ्याशी लावलेला माइक चालू करून निर्णय आणि कारण स्वतःच्या तोंडानं स्टेडियमभर सांगू लागल्या. जानेवारी २०२५मध्ये इंग्लंडच्या लीग कपच्या उपांत्य सामन्यात तेच झालं. पंच मैदानाच्या मध्यात उभे राहिले, टॉटनहॅमचा गोल ऑफसाइड का ठरला ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते त्याच क्षणी ऐकू आलं.