राहिलेले रक्षाविसर्जन

श्रोतेहो, आपल्या कोल्हापुरात माणूस गेला की चौकातल्या फलकावर त्याच्या नावाखाली आणखी एक ओळ हमखास येते : रक्षाविसर्जन अमुक वारी, सकाळी अमुक वाजता. त्या सकाळी सोयरे, भाऊबंद, तालमीतले आणि तिकटीवरचे लोक हातातली कामे टाकून जमतात. आज मी ज्या माणसाविषयी बोलणार आहे, त्याच्या नावाखाली ही ओळ कधीच लिहिली गेली नाही.

तो माझ्या आजोबांचा पलटणीतला जोडीदार होता. दोघेही करवीर तालुक्यातले, लागून शिवार असलेल्या दोन गावांचे, आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जिला ‘जंगी पलटण’ म्हणतात तिच्यात, एकाच कंपनीत होते. आजोबा परत आले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तांबड्या, पांढऱ्या आणि हिरव्या पट्ट्यांच्या फितीला लावलेला सहा टोकांचा एक तारा होता. तो ‘इटली स्टार’ हे इटलीतल्या लढाईचे पदक आहे, हे मला फार उशिरा कळले. लढाईविषयी ते बोलत नसत. मात्र सर्वपित्री अमावास्येला आमच्या घरी पितरांची पाने वाढून झाली की ते स्वतः उठून शेवटी आणखी एक पान मांडत, आणि त्यावर आमसुलाची चटणी न चुकता वाढायला लावत. हे पान कोणाचे, असे मी लहानपणी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “आमच्या गड्याचं. लाकडं रचली, अग्नी दिला, आणि राख निवायच्या आत पुढं निघालो. रक्षा सावडायची ऱ्हायली.” एवढेच. त्यानंतर मीही विचारले नाही, आणि आज त्याची मला खंत वाटते.

दुसऱ्या महायुद्धात सुमारे ५० हजार भारतीय सैनिक इटलीत लढले आणि त्यांपैकी ५,७८२ जण तिथेच राहिले. या मोहिमेत मराठा पलटणीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च ब्रिटिश शौर्यपदक मिळाले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडलेले नाईक यशवंत घाडगे रायगडकडचे होते. त्यांचे नाव कसिनोच्या स्मारकावर आहे. दुसरे नामदेव जाधव. ते आजोबांच्याच बटालियनचे होते, आणि त्यांच्या पराक्रमाची ९ एप्रिल १९४५ ही तारीखच आजोबांच्या जोडीदाराचीही शेवटची तारीख आहे.

त्या संध्याकाळी सेनियो नदी ओलांडायची होती. नकाशात ही नदी किरकोळ दिसते. प्रत्यक्षात मात्र दोन्ही काठांना पुरासाठी घातलेले उंच बांध आहेत आणि शत्रूने तेच पोखरून आत मशीनगन बसवल्या होत्या. जाधव कंपनीचे निरोपे होते. सोबतचे लोक पडल्यावर त्यांनी दोन जखमींना एकामागून एक खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणले, परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली, आणि मग बांधावर उभे राहून पलटणीचा जयघोष करत उरलेल्यांना पलीकडे बोलावले. इटलीला जाऊन मी त्या बांधावर उभा राहिलो तेव्हा खाली काठोकाठ गवत होते आणि पाणी आपल्या पाटाच्या पाण्यासारखे गढूळ होते. त्या जयघोषावर धावलेल्यांत आजोबा होते. त्यांचा गडी पाण्यापर्यंतच पोहोचला.

बोलोन्याहून रिमिनीकडे जाणाऱ्या रेल्वेवर फोर्ली हे शहर लागते. तिथल्या भारतीय सैन्याच्या युद्धस्मशानात सुमारे पाचशे थडगी आहेत. ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला, त्यांना थडगे असणार कुठून? अशा साडेसातशेहून अधिक जवानांची नावे तिथल्या दहनस्मारकावर कोरली आहेत. आमचे नाव शोधायला मला बराच वेळ लागला, कारण इंग्रजी अक्षरांत आपली आडनावे ओळखू येत नाहीत. भरतीच्या कारकुनाच्या कानावर जे पडले ते कागदावर उतरले आणि तेच पुढे दगडावर गेले. आपल्यापैकी ज्यांच्या घरातले कोणी परतले नाही, त्यांनी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची नोंदवही पाहताना एकच नाव चार तऱ्हांनी शोधावे. पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही असते. मला गावामुळेच खात्री पटली.

परतताना मी फ्लॉरेन्सला उतरलो. इंग्लंडहून परत येताना आपले छत्रपती राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथे वारले, अवघ्या विशीत. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी देण्यात आला, आणि त्या जागी आज छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. जवळच्या पुलालाही ‘हिंदी माणसाचा पूल’ असेच नाव आहे. करवीरच्या राजाला ज्या देशाच्या नदीकाठी अग्नी मिळाला, त्याच देशात पाऊणशे वर्षांनी करवीरच्या कुणब्याच्या पोरालाही मिळाला, याची नोंद आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात एकत्र व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

इकडे आल्यावर त्या नावाचे छायाचित्र आणि नोंदीचा कागद घेऊन मी त्यांच्या गावी गेलो. घरात त्यांची पुतणी आहे, आता ऐंशीच्या पुढची. नोंदीतला गावाच्या नावाचा शब्द मी तिला बोटाने दाखवला; तिने त्यावरून हात फिरवला आणि विचारले, “रक्षा कुठं हाय?” रक्षा उरलेली नाही, पण सेनियोच्या काठी मी नाव घेऊन तीळ-पाणी सोडले, असे मी सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “औंदा पान आमच्यात वाढू. तुमी समदी जेवायला या.”

त्या अमावास्येला आम्ही घरची सगळी मंडळी तिकडे गेलो. आमसुलाची चटणी माझ्या आईने घरून करून नेली होती.