क्लॅम्प सुटल्यावर

बाहेर पराटी, आत टिनाच्या शेडात मिलिंग मशीन. जुनंच आहे. पण आज त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या दोन प्लेट न वितळवता जोडायच्या आहेत. म्हणून स्पिंडलमध्ये कटर नाही, टूल स्टीलचं टूल आहे. त्याचा शोल्डर, म्हणजे प्लेटवर टेकणारा रुंद गोल भाग, १८ मिलिमीटरचा, खाली पिन ५.८ मिलिमीटर लांब. खालच्या दोन्ही प्लेट ६०६१-टी६ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या, जाडी ६ मिलिमीटर. पिन लांब झाली तर खाली आधाराला ठेवलेल्या बॅकिंग प्लेटला घासते. आखूड झाली तर सांधा वरून छान दिसतो आणि वाकवला की मुळाशी उघडतो.

मिनिटाला १००० फेरे. पिन सांध्यात उतरली. धातू गरम होईपर्यंत काही सेकंद थांबायचं, मग टेबलाला फीड, म्हणजे पुढे सरकणं, मिनिटाला ६० मिलिमीटर. ठिणगी नाही, धूर नाही. शोल्डरच्या मागे उमटणाऱ्या अर्धगोल कड्या बघा. अ‍ॅल्युमिनियम वितळलेलं नाही, कणकेसारखं मळलं जातंय. १९९१ मध्ये इंग्लंडात निघालेली ही पद्धत, फ्रिक्शन स्टर वेल्डिंग.

थ्री फेज असेल त्याच वेळेत पास घ्यायचा. मध्येच लाइट गेली की पिन जॉबमध्ये अडकते, आणि थंड जॉबवर तसंच मशीन चालू केलं की तुटते.

आता प्लेट घट्ट धरणाऱ्या क्लॅम्पकडे या. सगळे टूलच बघतात, खरा खेळ इथे आहे. गरम पट्टा फुगू पाहतो. शेजारची थंड प्लेट आणि हे क्लॅम्प त्याला जागा देत नाहीत. मऊ धातू जागीच दाबला जातो. थंड होताना तो आखडू पाहतो, तेव्हाही शेजारी सोडत नाहीत. म्हणून सांध्याच्या लांबीत ओढ उरते, आणि लांबच्या भागात दाब. सगळ्यात जास्त ओढ मधोमध नसते, शोल्डरच्या कडेजवळ असते, दोन्हीकडे. टूलची फिरकी आणि चाल ज्या बाजूला एकाच दिशेला, तिकडे बहुधा थोडी जास्तच.

क्लॅम्प सोडले. जोडलेली प्लेट सरफेस प्लेटवर, म्हणजे सपाटी तपासायच्या फरशीवर. फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायचं, पातळ पातं कडेखाली सरकतंय.

(निवेदन थांबतं)

काही ताण असा वाकण्यात निघाला, बाकीचा आतच आहे. तो मोजायला स्ट्रेन गेजची, म्हणजे धातूचं बारीक ताणणं-आखडणं टिपणाऱ्या पट्ट्यांची, रोझेट चिकटवायची आणि बरोबर मधोमध बारीक भोक टप्प्याटप्प्याने खोल करत जायचं. भोवतीचा धातू सैल होतो तेवढं गेज पकडतात. भोक जरा सरकलं की आकडे गेले. अशा ओढीत थकव्याची, म्हणजे पुन्हा पुन्हा भार येऊन पडणारी, चीर लवकर वाढते, म्हणून ही खटपट.

पास संपला तिथे पिनचं भोक राहिलंय. ते टोक कापून टाकतात. पण करवतीनेही ताण हलतो. ती लावायची मोजणी झाल्यावर.