नाव न घेता पंतप्रधानाची टर: लंडन, १७२८

नमस्कार मंडळी!

२९ जानेवारी १७२८. लंडनमधलं लिंकन्स इन फील्ड्स थिएटर. जॉन गे नावाच्या लेखकाच्या ‘द बेगर्स ऑपेरा’ या नाटकाचा पहिला प्रयोग चालू आहे. रंगमंचावर पीचम नावाचा एक इसम हिशेबाची जाडजूड वही उघडून बसलाय. याचा धंदा काय, तर चोरीचा माल घ्यायचा आणि विकायचा. हाताखाली चोरांची टोळी. जो चोर भरपूर माल आणतो, त्याला हा सांभाळतो. ज्याची कमाई आटली, त्याला स्वतःच पकडून देतो आणि सरकारी बक्षिसाचे ४० पौंड खिशात घालतो.

प्रेक्षकांनी हा माणूस लगेच ओळखला. जोनाथन वाइल्ड अगदी असाच वागायचा, आणि १७२५ साली लंडनच्या टायबर्न या फाशीच्या जागी त्याला फाशी झाली होती. पण हशा एवढ्यासाठीच पिकत नव्हता. पीचम वहीतून आपल्या चोरांची नावं वाचतो. त्यात एक येतं: रॉबिन ऑफ बॅगशॉट, उर्फ गॉर्गन, उर्फ ब्लफ बॉब, उर्फ कार्बंकल, उर्फ बॉब बूटी. बॉब म्हणजे रॉबर्ट, बूटी म्हणजे लूट. आणि त्या वेळी देशाची तिजोरी कोणाच्या हातात होती? रॉबर्ट वॉलपोलच्या!

वॉलपोलला ब्रिटनचा पहिला पंतप्रधान मानतात. १७२१ ते १७४२ अशी एकवीस वर्षं त्याने सत्ता टिकवली. पदं, पेन्शनी, पैसा वाटून संसदेतलं बहुमत जपायचं, ही त्याची पद्धत. १७२० साली साउथ सी कंपनीच्या शेअर्सच्या भावाचा फुगा फुटला, कित्येक घरं बुडाली, तेव्हा त्याने बड्या लोकांना पाठीशी घातलं, असा लोकांचा राग होता.

आता गेची हुशारी बघा. आख्ख्या नाटकात वॉलपोलचं नाव कुठेच नाही. सरकारची बदनामी हा गुन्हा होता, पण खटला भरणार कसा? ‘हा चोर म्हणजे आमचे मंत्रीच’ असं कोर्टात सरकारला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं असतं! माझ्या मते या काळातल्या इंग्रजी उपहासाची खरी ताकद इथे आहे. ओळखण्याचं काम लेखक प्रेक्षकांवर सोपवतो, आणि शेकडो माणसं एकाच क्षणी ओळखतात.

शिवाय यातली ६९ गाणी. बहुतेकांच्या चाली रस्त्यावर गायल्या जाणाऱ्या, लोकांना पाठ असलेल्या. त्यामुळे टीका थिएटरात थांबली नाही, गुणगुणत घरोघरी गेली. एका गाण्याचा आशय असा, की लाचखोरीवर बोलताना जपून, कारण दरबारातल्या प्रत्येकाला ते आपल्यालाच लागल्यासारखं वाटतं. सांगतात की वॉलपोल प्रयोगाला आला होता, या गाण्यावर सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या, आणि त्याने स्वतःच ‘वन्स मोअर’ दिला.

पहिल्याच हंगामात ६२ प्रयोग झाले, त्या काळासाठी हे अफाट होतं. पण गेने पुढचा भाग ‘पॉली’ लिहिला, तेव्हा सरकारने त्याचा प्रयोगच होऊ दिला नाही. म्हणून गेने तो १७२९ मध्ये छापून विकला. हे शक्य झालं, कारण पुस्तक छापण्याआधी परवानगी घेण्याचा कायदा १६९५ मध्येच संपला होता. ‘पॉली’साठी वर्गणी गोळा करणाऱ्या डचेस ऑफ क्वीन्सबेरीला मात्र दरबाराची दारं बंद झाली.

मग येतो हेन्री फील्डिंग. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला हाच, पण तेव्हा तो हेमार्केटचं छोटं थिएटर चालवत होता. १७३७ मधल्या त्याच्या नाटकातला हा प्रसंग मला फार आवडतो. क्विडम नावाचा एक माणूस, म्हणजे वॉलपोलच, चार ‘देशभक्तां’ना (वॉलपोलचे विरोधक स्वतःला असं म्हणवायचे) सोन्याची नाणी वाटतो. ते खूश! मग तो फिडल वाजवायला लागतो आणि त्या तालावर ते चौघे नाचतात. पण त्यांच्या खिशांना भोकं आहेत. नाचता नाचता नाणी खाली पडतात, आणि क्विडम ती सगळी परत गोळा करतो. लाच घेणाऱ्याच्या हाती शेवटी काहीच उरत नाही, हे फील्डिंग एका नाचात दाखवतो.

वॉलपोलला हे सोसवेना. ‘द गोल्डन रम्प’ या राजाची अश्लील थट्टा करणाऱ्या नाटकाची संहिता त्याच्या हाती आली, आणि त्यातले उतारे त्याने संसदेत वाचून दाखवले. त्या नाटकाचा प्रयोग कधी झालाच नाही. जून १७३७ मध्ये कायदा झाला: प्रत्येक नव्या नाटकाची संहिता प्रयोगाच्या १४ दिवस आधी लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारातल्या अधिकाऱ्याकडे पाठवायची. त्याने नाही म्हटलं, की विषय संपला. लॉर्ड चेस्टरफील्ड विरोधात तळमळून बोलले. उपयोग झाला नाही. फील्डिंगचं थिएटर बंद पडलं आणि तो वकिली शिकायला गेला.

मला ही पूर्वपरवानगी खटल्यापेक्षा जास्त घातक वाटते. खटला उघड्यावर चालतो, लोक वाद घालतात. इथे कागद एका टेबलावर अडतो, आणि काय अडवलं हे प्रेक्षकाला कळतही नाही. लॉर्ड चेंबरलेनचा हा अधिकार १९६८ पर्यंत टिकला.

इंग्रजांनी नाटकावर लगाम घालणारा कायदा १८७६ साली भारतातही आणला. तरी १९०७ मध्ये खाडिलकरांचं ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलं. कथा महाभारतातली, व्हाइसरॉय म्हणून राज्य केलेल्या लॉर्ड कर्झनचं नाव कुठेही नाही. प्रेक्षकांनी कीचकात कर्झन बरोबर ओळखला, आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

गेचं नाटक मात्र फिरत राहिलं. बरोबर दोनशे वर्षांनी, १९२८ मध्ये, जर्मन नाटककार ब्रेख्टने बर्लिनमध्ये त्यावरून ‘थ्री पेनी ऑपेरा’ केलं, आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांनी ते मराठीत आणलं: ‘तीन पैशाचा तमाशा’. तुमच्या घरात कुणी तो प्रयोग पाहिला असेल, तर त्यांना विचारा की कुठल्या वाक्याला सगळ्यात मोठा हशा पडायचा, आणि मला कमेंटमध्ये नक्की लिहा.