सेनिओच्या बांधावरची आग

आपण पाहत असलेला हा उंच मातीचा बांध उत्तर इटलीतील सेनिओ नदीचा आहे. पुराचे पाणी शेतांत शिरू नये म्हणून नदीच्या दोन्ही काठांना असे बांध घातले गेले, आणि १९४५ च्या आरंभी जर्मन सैन्याने याच बांधांच्या पोटात बोगदे खणून त्यांचा किल्ला केला. समोरून आलेला तोफगोळा बांधाच्या मातीत रुतून फुटत असे. पाठीमागच्या उतारावर बिळात बसलेल्या मशीनगनवाल्याला त्याची झळ क्वचितच लागे. या बिळांवर उपाय म्हणून ब्रिटिश आठव्या सेनेने फ्लेमथ्रोअर, म्हणजे पेटत्या इंधनाची धार फेकणारी यंत्रे, पुढे आणली.

संग्रहालयातील काचेआडची ही टाकी त्याच शस्त्राची पूर्वज आहे. रिचर्ड फिडलर या जर्मन अभियंत्याने १९०१ मध्ये आपले नमुने सैन्यापुढे ठेवले. एका सैनिकाने टाकी पाठीवर घ्यायची आणि दुसऱ्याने नळी धरायची, अशी ती योजना होती. द्राक्षबागेत पाठीवरचा फवारणी पंप वापरलेल्या माणसाला यातले निम्मे यंत्र समजावून सांगावे लागणार नाही, कारण टाकी, दाब, नळी आणि चाप हा क्रम तोच आहे. फरक नळीच्या टोकाशी असलेल्या ठिणगीचा आहे. पहिल्या महायुद्धात फ्लेमथ्रोअरच्या जर्मन तुकड्या उभारणारा बर्नहार्ड रेडेमान मुलकी आयुष्यात अग्निशमन दलाचा अधिकारी होता, हा योगायोग म्हणावा की नाही, हे ठरवणे अवघड आहे, कारण दाबाखालील द्रवाची धार नेमकी कुठे आणि कशी पडते, हे त्याच्याइतके फार थोड्यांना ठाऊक असणार. फेब्रुवारी १९१५ मध्ये व्हर्दंजवळच्या मालांकूर येथे फ्रेंचांवर आणि ३० जुलैला बेल्जियममधील हूगे येथे ब्रिटिशांवर ही धार सोडण्यात आली.

मात्र पाठीवरच्या टाकीतील इंधन काही सेकंदांतच संपे, आणि ती वाहणारा माणूस शत्रूच्या गोळ्यांचे पहिले लक्ष्य ठरे. या दोन्ही अडचणींवर दुसऱ्या महायुद्धात काढलेले उत्तर आता आपल्यासमोर उभे आहे. हा चर्चिल रणगाडा. त्याच्या मागे जोडलेली साडेसहा टनांची चिलखती गाडी जवळजवळ अठराशे लिटर इंधन घेऊन चालते, आणि या जोडीचे नाव आहे क्रॉकोडाइल. गाडीतील नळकांड्यांत नायट्रोजन भरलेला असतो. त्याच्या दाबाने इंधन रणगाड्याच्या पोटाखालून गेलेल्या नळीतून पुढे येते आणि जिथे एरवी मशीनगन असते, त्या तोंडातून बाहेर पडते. साधे पेट्रोल हवेतच विखरून जळून जाते. म्हणून ते काकवीसारखे दाट केले जाई. दाट धार शंभर मीटरच्या आसपास पोचत असे, आदळल्यावर चिकटून जळत राही आणि फटींतून आत उतरे. कधी आधी न पेटवलेलेच इंधन मारून जागा भिजवत आणि मग पेटती धार सोडत. एकेका सेकंदाचे असे सुमारे ऐंशी झोत या एका गाडीत मावत असत.

९ एप्रिल १९४५ रोजी दुपारपासून विमानांनी आणि तोफांनी सेनिओचा काठ भाजून काढला. संध्याकाळी क्रॉकोडाइल आणि त्यांच्या जोडीची वास्प ही आग फेकणारी हलकी वाहने बांधाशी येऊन भिडली. पुढची काही क्षणांची दृश्ये निवेदनाविना पाहावीत.

आगीमागोमाग याच सेनेतील आठव्या भारतीय डिव्हिजनचे पायदळ पाण्यात उतरले, आणि त्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. इतक्या आगीनंतरही बांधावरच्या काही मशीनगन चालूच होत्या. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे शिपाई नामदेव जाधव हे कंपनीचे निरोप्ये होते. त्यांच्याबरोबरची छोटी तुकडी जवळपास सगळी पडली, तेव्हा त्यांनी दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक उचलून खोल पाण्यातून, उभ्या चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. मग परत फिरून त्यांनी मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली, आणि बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या कंपन्यांना पलीकडे बोलावले. या कामगिरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आगीने बांध मऊ केला असेल, पण तो घेतला या माणसांनी.

बिळांतून जे बाहेर येऊ शकले नाहीत, ते जळून किंवा गुदमरून मेले. पुढे व्हिएतनामनंतर, १९७८ मध्ये, अमेरिकेने आपले फ्लेमथ्रोअर मोडीत काढले, आणि १९८० च्या आंतरराष्ट्रीय करारपत्राने नागरिकांवर आग लावणारी शस्त्रे वापरण्यास मनाई केली. सैनिकांवर ती वापरण्यास सरसकट बंदी आजही नाही.

शेवटच्या दृश्यात रिकाम्या गाड्यांमध्ये पुन्हा इंधन भरले जात आहे. पुढची नदी सांतेर्नो होती, आणि तिलाही असेच बांध होते.