यादीत नसलेले विस्थापित

नमस्कार मंडळी. सीमा म्हटली की आपल्याला जवान आठवतो. कामठीत गार्ड्‌स रेजिमेंटचं केंद्र असलेल्या नागपूरकरांना तर हमखास. मला आज बोलायचंय ते त्या जवानाच्या पाठीमागे शेती करणाऱ्या घराबद्दल. जम्मूकडचं आर. एस. पुरा, अर्निया, अखनूर, आणि वर डोंगरातलं राजौरी, पूंछ.

विस्थापन म्हणजे काय, हे आपण गोसीखुर्द धरणामुळे जाणतो. पाणी चढलं, गाव उठलं, नव्या गावठाणात गेलं. मोबदल्याची भांडणं वर्षानुवर्षं चालतात, पण गाव उठतं एकदाच. सीमेवर तसं नाही.

अखनूरच्या पश्चिमेकडच्या छंबचंच बघा. 1965च्या युद्धात हा भाग पाकिस्तानने घेतला. ताश्कंद करारानंतर तो परत मिळाला, माणसं परतली, भिंती पुन्हा उभ्या राहिल्या. डिसेंबर 1971मध्ये तो पुन्हा गेला आणि सिमला करारानंतर पलीकडेच राहिला. ज्याने घर दोनदा बांधलं, त्याने ते दोनदा सोडलं. 2016मध्ये केंद्राने 1947मध्ये पाकव्याप्त काश्मीरमधून आलेले आणि छंबचे मिळून 36,384 विस्थापित कुटुंबांना प्रत्येकी साडेपाच लाख रुपये मंजूर केले. तोवर बऱ्याच घरांत नातवंडं कर्ती झाली होती.

पण निदान ही माणसं यादीत आहेत. त्यांच्या विस्थापनाला सन आहे, तारीख आहे. गोळीबार सुरू झाला की आठ-पंधरा दिवसांसाठी घर सोडणारी आणि पुन्हा येऊन चूल पेटवणारी माणसं कुठल्या यादीत घालायची? बायका, पोरं, म्हातारे ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून मागच्या गावातल्या शाळेत जातात. (म्हणजे त्या गावातल्या पोरांचीही शाळा बंद, हे कुणी मोजत नाही.) एखादा पुरुष मागे राहतो, किंवा पहाटे परत येतो. कारण गोठ्यात म्हशी आहेत, आणि धार काढली नाही की कास सुजते. रेशन कार्ड, आधार, जमिनीचे कागद एका पिशवीत कायम भरलेले.

डिसेंबर 2001मध्ये संसदेवर हल्ला झाला, फौजा सीमेवर गेल्या आणि शेतांत सुरुंग पेरले गेले. शेत डोळ्यांसमोर, सातबारा आपल्याच नावावर म्हणा हवं तर, आणि पाय ठेवायची सोय नाही. आपल्या संत्र्याच्या बागायतदाराला एक बहार बुडाला तर काय होतं, ते मी सांगायला नको.

नंतर बंकर आले. जम्मू विभागातल्या पाच सीमावर्ती जिल्ह्यांसाठी 14,460 मंजूर झाले. कुटुंबाच्या बंकरला 160 चौरस फूट, माणसं आठ. जीव वाचतो, हे नाकारू नये. पण त्यात संसार होत नाही.

फेब्रुवारी 2021मध्ये दोन्ही सैन्यांनी शस्त्रसंधी पाळायचं ठरवलं आणि सीमा बरीचशी शांत झाली. मे 2025मध्ये पूंछ शहरावरच तोफगोळे पडले, आणि ट्रॉल्या पुन्हा भरल्या.

तिथल्या लोकांची एक जुनी मागणी आहे: सुरक्षित ठिकाणी पाच मरल्यांचा प्लॉट. आपल्या हिशेबात साडेतेराशे चौरस फुटांच्या आसपास. तेवढ्यात म्हशी मावत नाहीत, शेतही तिथे जाणार नाही, हे मागणाऱ्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी मागतात, निदान म्हाताऱ्यांना आणि पोरांना दर वेळी शाळेच्या व्हरांड्यात झोपावं लागू नये, म्हणून.