मलप्रभेच्या पुलावर ठेवलेली गाडी

(दृश्य: कणकुंबीचा घाटमाथा, जुलैचा पाऊस. तिथून नदीच्या काठाकाठानं खाली.)

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. जांबोटीच्या रानातून उतरते, पावसाळ्यात हब्बनहट्टीच्या मारुतीला पाण्याखाली घेते, असोग्याच्या देवळाजवळून खानापुरात येते. पुढं एम. के. हुबळी, नविलुतीर्थाचं धरण आणि शेवटी कुडलसंगमला कृष्णेत मिळते. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात नदीत गेलेलं माणूस या एवढ्या वाटेवर कुठंही सापडू शकतं. कधी दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. कधी कुठंच नाही.

ही गोष्ट खानापूर तालुक्यातल्या एका घराची आहे. गावाचं नाव घेणार नाही, माणसांचीही नावं घेणार नाही. घरच्यांनी बोलायला होकार दिला तो याच अटीवर.

घरातला मधला मुलगा गवंडी. कणकुंबी, चोर्ला, साखळी करत म्हापशाला कामाला जायचा, पंधरा दिवसांनी घरी यायचा. २०१९ च्या महापुराच्या दोन वर्षं आधीचा पावसाळा. रात्री जेवण झाल्यावर तो गाडी घेऊन बाहेर पडला. सकाळी गाडी पुलावर सापडली. स्टँडवर नीट लावलेली, चावी तशीच. शेजारी चपला. नदी दोन्ही काठ भरून वाहत होती.

एवढंच हाती आहे. गाडी, चावी, चपला. प्रेत मिळालं नाही. पुढं महापूर आला, तेव्हा काठावरची झाडंसुद्धा मुळासकट गेली. काही शोधायचं उरलं असेल तर तेही त्यात गेलं.

(दृश्य: घराचा सोपा. थोरला भाऊ.)

थोरल्या भावाचं म्हणणं साधं आहे. "पाय घसरला. पुलाला कठडा न्हाई, शेवाळ धरलेलं असतंय. पाणी बघायला उभा ऱ्हायला आणि गेला. दुसरं काय न्हाई."

बहिणीला हे मान्य नाही. ती लग्न होऊन हलग्याला दिली आहे, पण आठवड्याला माहेरी फेरी असते. तिच्या मते भावाला ढकललंय. बांधावरून भावकीत भांडण होतं, त्याच महिन्यात हातघाईवर आलं होतं. "चपला काढून कोन घसरतंय काय?" ती कॅमेऱ्याकडं न बघता भावाला विचारते. तो उठून गोठ्याकडं जातो.

आई दोघांचंही ऐकून घेत नाही. "त्यो जिवंत हाय. माझ्या पोराला पवायला येत हुतं." तिनं ग्रामदेवतेला कौल लावला. उजवा पडला. तिच्यासाठी विषय तिथंच संपला. गोव्यात कुठं तरी आहे, रागावलाय, येईल.

आणि त्याची बायको. ती कसा गेला याबद्दल काहीच बोलत नाही. ती फक्त त्या रात्रीचं सांगते. भात आणि सुकटीची आमटी होती. दोनदा भात घेतला. उठताना म्हणाला, सकाळी लवकर निघणार आहे, डबा बांधून ठेव. तिनं रात्रीच डबा घासून पालथा घातला. "जीव द्यायचा असता तर डबा बांध म्हटलं असतं काय?"

तिला हे पुन्हा पुन्हा का सांगावं लागतं, ते कळायला आम्हाला वेळ लागला. घरात उघड कुणी म्हणत नाही, पण गावात एक चौथी गोष्ट फिरते: त्यानं जीव दिला. आणि जीव दिला म्हटलं की पुढचा प्रश्न बायकोकडं बोट दाखवून येतो. काय बोललीस त्याला?

या घरातली भांडणं ऐकताना एक गोष्ट मला पटत गेली. माणूस कसा गेला, यावर ही माणसं भांडतात ते माहितीसाठी नाही. पाय घसरला असेल तर दोष कुणाचाच नाही. ढकललं असेल तर भावकीतला कुणी तरी मोकळा फिरतोय आणि थोरला भाऊ गप्प बसलाय. जीव दिला असेल तर बायको, कर्ज, घर, सगळेच त्यात आले. आणि जिवंत असेल तर तो सगळ्यांना टाकून गेला. प्रत्येकानं असं मरण धरून ठेवलंय की ज्याचं ओझं आपल्याला उचलता येईल. आईनं तर मरणच नाकारलंय. मला यातल्या एकाचंही चुकीचं वाटत नाही.

(दृश्य: पत्र्याची पेटी. त्यातून निघालेली प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कागद.)

या पिशवीत पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत आहे. कन्नडमधली. १९५६ ला खानापूर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. आता इथली कचेरी कन्नडमध्ये चालते आणि घर मराठीत. तक्रार थोरल्या भावानं दिली. त्याला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. प्रत पेटीत गेली ती कित्येक वर्षं तिथंच राहिली.

बेपत्ता झालेल्याचा मुलगा तेव्हा लहान होता. आता हायस्कुलात आहे, कन्नड माध्यमात. एका सुट्टीत त्यानं पेटी उघडली आणि आईला तो कागद वाचून दाखवला. आधी वर्णन: उंची, गव्हाळ रंग, आकाशी फुल शर्ट, डाव्या भुवईवर जुनी खूण. मराठी, कन्नड, कोंकणी, हिंदी बोलतो. पोरगं हे कन्नडमध्ये वाचत होतं आणि आईला मराठीत सांगत होतं, आपल्याच बापाबद्दल. मग एक ओळ आली. सोसायटीच्या कर्जामुळं मनाला लावून घेऊन घरातून निघून गेला.

ती म्हणते, "मी त्याला परत वाच म्हटलं. त्यानं परत वाचलं. तीच ओळ."

म्हणजे पहिल्या दिवसापासून कागदावर उत्तर लिहिलेलं होतं. आणि ते लिहिलं होतं त्या भावाच्या तोंडून, जो घरात पाय घसरला म्हणतो.

आम्ही भावाला विचारलं. तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला. "साहेबांनी विचारलं, काय टेन्शन हुतं काय? मी म्हटलं कर्ज हुतं. कर्ज कुणाला नसतंय? त्यांनी काय लिवलं मला काय ठाऊक. अंगठ्यासारखी सही केली मी."

यावर माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या जबाबातली एक ओळ पुढच्या सगळ्या तपासाला वळण लावते. कर्जाचं लिहिलं की बांधावरचं भांडण कुणी विचारायला जात नाही. आणि तोंडी सांगितलेली दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद लिहून घेतल्यावर ती सांगणाऱ्याला वाचून दाखवायची, हे कायद्यातच आहे. बेपत्ताच्या तक्रारीतही तेच व्हायला हवं, त्याला कळेल अशा बोलीत. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. सीमाभागातल्या प्रत्येक घराला हे पाठ असायला हवं. भाषेचा प्रश्न म्हटलं की आपल्याला मोर्चे आणि पाट्या दिसतात. इथं तो एका माणसाच्या मरणाचं कारण ठरवून गेला.

(दृश्य: पूल, उन्हाळ्यात. खाली गुडघाभर पाणी.)

बहिणीला वाटतं, प्रेत मिळालं असतं तर सगळं कळलं असतं. काही अंशी खरं आहे. नदीच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी शैवालं असतात, डायटम म्हणतात त्यांना. माणूस जिवंतपणी बुडाला तर श्वासाबरोबर ती फुप्फुसात आणि रक्तातून हाडांच्या मगजापर्यंत जाऊ शकतात. प्रयोगशाळेत ती सापडली तर निदान कळतं की पाण्यात पडला तेव्हा श्वास चालू होता. पण घसरला, उडी मारली की ढकललं, हे पाणी सांगत नाही. ते सांगतात अंगावरच्या खुणा, फोनचे रेकॉर्ड, शेवटचं पाहणारी माणसं. आणि ही सगळी पहिल्या काही दिवसांतली कामं आहेत.

आईची आशा खुळी आहे असं मात्र कुणी म्हणू नये. शेजारच्या धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद सियाचीनला होते. ३ फेब्रुवारी २०१६ ला हिमकडा कोसळला, दहा जवान गाडले गेले. पंतप्रधानांनी श्रद्धांजलीही वाहिली होती. सहाव्या दिवशी बर्फाखालून हनुमंतप्पा जिवंत निघाले. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या इस्पितळात त्यांनी प्राण सोडला. पण या आईला शेवट सांगू नका. तिनं ती बातमी टीव्हीवर बघितली होती आणि तिच्या लक्षात एवढंच राहिलंय की सगळ्यांनी मेला म्हटलेला माणूस जिवंत निघाला.

आणि हे अडाणी घरातच होतं असंही नाही. नेताजी सुभाषचंद्र बोस १८ ऑगस्ट १९४५ ला तैवानमधल्या तैहोकूच्या विमान अपघातात गेले, असा निष्कर्ष १९५६ च्या शाहनवाझ समितीनं काढला. त्या समितीत नेताजींचे सख्खे भाऊ सुरेशचंद्र बोस होते. त्यांनी सही केली नाही, वेगळं मत लिहून दिलं. १९७४ ला खोसला आयोगानं अपघात मान्य केला. २००५ ला मुखर्जी आयोगानं नाकारला, आणि तो अहवाल सरकारनं नाकारला. नेताजींची मुलगी अनिता बोस फाफ अपघात मानतात, घराण्यातले काही जण मानत नाहीत. तीन चौकश्या, मोठमोठे न्यायमूर्ती, आणि तरी एका घरात एकमत नाही. खानापूरच्या एका सोप्यावर ते कुठून होणार?

(दृश्य: पळसाचं झाड. मग गोकर्णचा रस्ता.)

भांडण पुन्हा उफाळलं ते क्रियाकर्मावरून. थोरल्याला गोकर्णला जाऊन नारायणबळी करायचा आहे. घरात एकामागून एक अडचणी येतात, भटजींनी तेच सांगितलं. पण नारायणबळी करतात तो दुर्मरणासाठी. तो केला म्हणजे त्याचं मरण वाईट होतं हे आपणच कबूल केलं, असं आईचं म्हणणं. आणि मेलाच नाही त्याचं काय करता?

बेपत्ता माणसासाठी शास्त्रात वेगळी वाट आहे. बारा वर्षं वाट बघायची. मग पळसाच्या ३६० देठांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्याला अग्नी द्यायचा. हे सांगणाऱ्यांना माणसाच्या मनाची किती जाण होती ते पुढच्या भागात दिसतं. अग्नी दिल्यावर तो माणूस परत आलाच, तर त्याला तुपानं न्हाऊ घालायचं, जन्मापासूनचे संस्कार पुन्हा करायचे, त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. परत येण्याची जागा शास्त्रानंही ठेवली आहे.

आई बारा वर्षं म्हणते. कायदा सात म्हणतो.

१८७२ च्या पुरावा कायद्याचं १०८ वं कलम, १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष्य अधिनियमातलं १११ वं. ज्यांना त्या माणसाची खबर लागायला हवी होती, त्यांना सात वर्षं काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. पण यातून एवढंच मानता येतं की तो आता हयात नाही. कधी गेला, हे यातून ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये आयुर्विम्याच्या एका खटल्यात हे स्पष्ट केलं. बेपत्ता झाला तीच मरणाची तारीख, असं धरता येत नाही. ज्या घरांनी मधल्या वर्षांत विम्याचे हप्ते थांबवले, त्यांना याची झळ बसते. हप्ते भरत राहा, हे अशा घराला पहिल्याच महिन्यात कुणी तरी सांगायला हवं.

बायकोला मृत्यूचा दाखला हवा आहे. विधवा वेतनाला तो लागतो, उताऱ्यावर वारसा करायला लागतो. ती कुंकू लावते, सासू लावायला लावते, आणि त्याच कुंकवानिशी तिला दिवाणी कोर्टात उभं राहायचं आहे. हिंदू वारसा कायद्यात त्याचे पहिल्या वर्गातले वारस तीन: बायको, मुलगा आणि आई. भाऊ-बहीण त्यात नाहीत. म्हणजे ज्या दोघांचं भांडण सगळ्यात मोठं, त्यांचा यात वाटा नाही. आणि जिचं म्हणणं लागणार आहे ती आई, मुलगा मेला हे मान्य करत नाही.

(दृश्य: सोपा. सासू आणि सून.)

वकिलांनी सांगितलं होतं की अर्जात कसा गेला हे लिहावं लागत नाही. सुनेनं ते सासूला सांगितलं. जज्ज तुम्हाला एवढंच विचारतील, की सात वर्षांत त्याचा फोन, चिठ्ठी, निरोप, काही आलं काय.

"न्हाई आलं," सासू म्हणाली. "ते सांगीन. मेला म्हणून सांगायची न्हाई."

"एवढंच लागतंय, आत्ती."

अर्ज दाखल झालाय. बहिणीनं आपला अर्ज वेगळा दिलाय, पोलिसांकडं, बांधाच्या भांडणाचे जबाब घ्या म्हणून. तो तिनं मराठीत लिहिलाय, भाच्याकडून त्याची कन्नड प्रत जोडलीय, आणि दोन्हींवर पोच घेतलीय. थोरला भाऊ साक्षीला जाणार आहे. कर्जाची ती ओळ आपण तशी सांगितली नव्हती, हे त्याला कोर्टापुढं सांगायचं आहे.