मुद्दाम खरवडलेला आवाज

मंडळी, नॉर्वेच्या ब्लॅक मेटलचा, म्हणजे हेवी मेटलच्या एका काळोख्या, कर्कश शाखेचा विषय निघाला की गप्पा लगेच जळक्या चर्चवर आणि खुनांवर जातात. ते सगळं खरंच घडलं. बर्गनजवळचं फॅन्टॉफ्टचं लाकडी चर्च जून १९९२ मध्ये जाळलं गेलं आणि ऑगस्ट १९९३ मध्ये मेहेम या ब्लॅक मेटल बँडचा गिटारवादक यूरोनिमस मारला गेला. पण या गुन्ह्यांच्या कहाण्या इतक्यांदा सांगून झाल्यात, की संगीत ऐकायचंच राहून जातं. म्हणून आज एकच अल्बम घेऊ : डार्कथ्रोन या बँडचा ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’, फेब्रुवारी १९९२.

ही ऑस्लोच्या दक्षिणेला असलेल्या कोल्बोटन या उपनगरातली पोरं. ड्रमवर फेनरिझ, गिटार आणि गायनाला नॉक्टर्नो कल्टो, दुसऱ्या गिटारवर झेफिरस, बासवर डाग निल्सन. सुरुवातीला ते डेथ मेटल, म्हणजे मेटलचाच एक जड, दणकट प्रकार वाजवायचे, आणि चांगलं वाजवायचे. पहिला अल्बम त्यांनी स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत केला. स्वीडिश डेथ मेटलचा तो जाडजूड, घुमणारा आवाज तिथलाच. पीसव्हिल या इंग्लिश रेकॉर्ड कंपनीचा करार हातात होता, पुढच्या अल्बमची गाणीही बरीचशी बसली होती. आणि नेमकं तेव्हाच त्यांनी ते सगळं बाजूला सारलं. ती गाणी पुढे कितीतरी वर्षांनी, १९९६ साली, ‘गोटलॉर्ड’ या नावाने बाहेर आली.

त्यांना आता बॅथरी आणि केल्टिक फ्रॉस्ट या जुन्या बँडचा ऐंशीच्या दशकातला ओबडधोबड बाज हवा होता. निल्सनला हे वळण पटलं नाही. तरी जाता जाता बास वाजवून गेला. ऑगस्ट १९९१ मध्ये कोल्बोटनच्याच क्रिएटिव्ह स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. टेप ऐकून पीसव्हिलवाले चक्रावले. गिटार इतकी पातळ का? पुन्हा मिक्स करा, म्हणाले. बँडने सांगितलं, जमणार नाही. तुम्हाला नको असेल तर यूरोनिमसच्या डेथलाइक सायलेन्स या रेकॉर्ड कंपनीला देतो. कंपनी नमली. विशीच्या आसपासच्या पोरांनी कंपनीला असं सुनावणं हा उद्धटपणा होताच, पण कान त्यांचेच बरोबर होते.

का बरोबर होते, ते सांगतो. डेथ मेटलमध्ये उजव्या हाताचा तळवा तारांवर दाबून वाजवतात, त्यामुळे प्रत्येक आघात धप्पकन पोटात बसतो. इथे बऱ्याच ठिकाणी तळवा उचललाय. तारा मोकळ्या, पिक (तार छेडायची चकती) सतत वरखाली, खर्ज कापलेला. सूर एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा एक अखंड पडदा तयार होतो. खाली ड्रम बेफाम धावत असतात, पण वरची चाल संथपणे बदलते. कानाला काही वेळाने वेग जाणवेनासा होतो, उरते ती संथ चाल. गिटार जाड असती, तर ही चाल त्या गदारोळात बुडून गेली असती. पातळ आवाज ही त्यांची गरज होती. तो गरिबीचा किंवा अडाणीपणाचा परिणाम मुळीच नव्हता. महिनोन्‌महिने हात बसवलेल्या वादकांनी तो निवडला होता.

एक गोष्ट मात्र कट्टर चाहत्यांना रुचत नाही. हा अल्बम ‘शुद्ध’ नाही. डेथ मेटलचे कितीतरी तुकडे नव्या कपड्यांत तसेच बसलेत, हे फेनरिझनेही मान्य केलंय. ड्रमची गुंतागुंतीची वळणं मधूनच जुना अभ्यास उघडा पाडतात. ‘इन द शॅडो ऑफ द हॉर्न्स’ तर सरळ केल्टिक फ्रॉस्टच्या चालीने डुलत सुरू होतं. मला हीच सरमिसळ आवडते. दोनच वर्षांनी ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’मध्ये त्यांनी सगळं तासून एका रेषेवर आणलं, आणि त्याच अल्बमच्या मागच्या बाजूला ‘नॉर्वेजियन आर्यन ब्लॅक मेटल’ असं वंशवादी वाक्यही छापलं. तो डाग आहे, आणि चांगल्या चालींमुळे तो पुसला जात नाही.

मुखपृष्ठावर झेफिरस आहे : काळोखात, पांढरा-काळा रंग फासलेला चेहरा. हे चित्र पुढे जगभरच्या पोरांनी झेरॉक्स काढल्यासारखं गिरवलं.

नॉर्वेनेही या अल्बमला आपलंसं केलंय. ऑस्लोच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०२० मध्ये देशाच्या सांस्कृतिक इतिहासाचं जे कायमस्वरूपी प्रदर्शन मांडलं, त्यात हा अल्बम आहे. आणि फेनरिझ? २०१६ मध्ये तो त्याच्या गावच्या नगर परिषदेवर राखीव सदस्य म्हणून निवडून आल्याची बातमी गाजली. मांजराला मांडीवर घेतलेला फोटो आणि ‘मला मत देऊ नका’ एवढाच त्याचा प्रचार. लोकांनी ऐकलं नाही.

आता पहिलं गाणं लावतो, ‘कथारियन लाइफ कोड’. दहा मिनिटांहून मोठं आहे. पहिल्यांदा ऐकताना ड्रमकडे दुर्लक्ष करा आणि फक्त गिटारची चाल कुठे बदलते तेवढं पकडा. आवाज थोडा वाढवतोय, पुढच्या रांगेतल्यांनी हवं तर मागे सरका.